अकरा गुणांची सुधारणा

माझे काका लाकडाच्या वखारीत अडतीस वर्षं करवतीवर होते. भुसा नाकातोंडात जाऊन जाऊन फुप्फुसं निकामी झाली. मालकाने निरोपाला भिंतीवरचं घड्याळ दिलं. काकांनी त्यातला सेल काढून रेडिओत घातला आणि घड्याळ माळ्यावर फेकलं.

इस्पितळात फुप्फुसांच्या जुनाट आजारावरच्या नव्या औषधाचं संशोधन चालू होतं, त्यात काकांचं नाव घातलं. डॉक्टर तरुण, कडक इस्त्रीचे, आणि रोग्याकडे न बघता बोलण्यात तरबेज. त्यांच्या फॉर्मात आठ प्रश्न: जिना चढताना धाप लागते का, बाहेर पडायची भीती वाटते का, झोप लागते का. प्रत्येकाला शून्य ते पाच गुण. गुण जितके जास्त, तितकं जगणं वाईट. पहिल्या खेपेला काकांना चाळीसपैकी एकतीस मिळाले.

"शाळेत कधी एवढे पडले नव्हते," काका म्हणाले. डॉक्टरांनी पुढच्या रोग्याला हाक मारली.

वर्षभराने पुन्हा बोलावणं आलं. तोवर काकांनी जिना सोडला होता, बाजार सोडला होता, मित्रांकडे जाणं सोडलं होतं. काकू त्यांना स्टुलावर बसवून आंघोळ घालायची. फॉर्म मी भरत होते.

"जिना चढताना धाप?"

"चढतोय कोण? शून्य लिही."

"बाहेर पडायची भीती?"

"पडतोय कोण? शून्य."

बेरीज वीस झाली.

"वा! अकरा गुणांची सुधारणा!" डॉक्टर खुशीत आले. "औषध लागू पडलंय."

काकूने हातातली पिशवी खाली ठेवली. "अहो, या माणसाने जगणंच बंद केलंय, म्हणून त्रास कमी झालाय. मेल्यावर तर तुम्ही पैकीच्या पैकी सुधारणा दाखवाल!"

"बाई, हे सगळं लिहायला यात रकाना नाही."

काका उठले. "चला, वरच्या मजल्यावर जाऊ. बघा स्वतःच."

रांगेतली माणसं बघायला लागली, म्हणून डॉक्टरांना जावं लागलं. पायऱ्या बावीस. चौथीवर काका थांबले. नवव्या पायरीवर ओठ निळे पडले. अकराव्या पायरीवर ते खाली बसले आणि डॉक्टर ऑक्सिजनसाठी ओरडत सुटले.

जरा श्वास आल्यावर काका म्हणाले, "आता लिहा. पाच."

"एकदा दिलेलं उत्तर बदलता येत नाही," डॉक्टर म्हणाले. बिचाऱ्याला खरंच वाईट वाटत होतं, पण नियमापेक्षा कमी.

काकांनी माझ्या हातातला फॉर्म घेतला, त्याने मानेवरचा घाम पुसला आणि डॉक्टरांना परत दिला. ओला कागद चालत नाही म्हणून त्यांचं नाव संशोधनातून उडालं.

आता ते श्वासाचे व्यायाम शिकवणाऱ्या नर्सकडे जातात. तिने फॉर्म काढला नाही. विचारलं, "काका, काय करावंसं वाटतं?"

"दाढी. उभ्याने."

सात आठवडे लागले. उभ्याने दाढी झाली, गाल दोन ठिकाणी कापला, आणि काकांनी आरशाला यथेच्छ शिव्या घातल्या, एका दमात.