सभापती सायत्राबाईंची चटई

सायत्राबाईंना कोणी 'मॅडम' म्हटलेलं खपत नसे. "मॅडम तं शाळंतबी असते," त्या म्हणायच्या, "मले सभापती म्हना. भांडून घेतलं हाय हे पद, लपवून कायले ठेवू?" दारावरची नावाची पाटी शिपायाने पुसली असली तरी त्या पदराने पुन्हा पुसत. मग दोन पावलं मागे सरून आपलं नाव डोळे भरून पाहत आणि मगच आत जात. लोक हसत. हसोत बापडे. मला ते पाहून धीर यायचा.

मी त्यांच्या जीपचा ड्रायव्हर. घर जिवतीच्या डोंगरावर. शाळा सातवीतच सुटली, हातात स्टेअरिंग आलं, आणि फिरत फिरत गडचिरोलीकडच्या एका जंगल तालुक्यात, घरापासून इतक्या लांब, पंचायत समितीच्या गाडीवर कंत्राटी म्हणून लागलो. कंत्राटी माणूस कायम धास्तीत असतो. साहेबाने नुसतं "इकडे ये" म्हटलं तरी वाटतं, झालं, आता बांधा गाठोडं. पहिल्या दिवशी बाई पुढच्या सीटवर येऊन बसल्या.

"कितवी शिकला?"

"सातवी," मी मान खाली घालून म्हणालो.

"मान वर कर, गाडी चालवून राह्यला न तू! मी सहावी हाव. म्हंजे एक वर्ग पुढंच हाय तू माह्या. पन सभापती मी हाव. म्या चाल म्हनलं का चालाचं."

राजकारणात त्या राखीव जागेवरून आल्या. बायको निवडून यायची आणि कारभार नवऱ्याने करायचा, अशी तिकडची जुनी रीत. सरपंच झाल्यावर पहिल्याच सभेला त्यांचा नवरा ऐटीत सरपंचाच्या खुर्चीत जाऊन बसला. बाईंनी सगळ्यांसमोर सांगितलं, "उठा जी. बसाचं असन तं निवडून या." हा किस्सा मी दोघांच्याही तोंडून ऐकला आहे, आणि सांगताना नवराच जास्त हसायचा. सरपंचपदावरून त्या पुढे पंचायत समितीच्या सभापती झाल्या, तेव्हा गावात गुलाल उधळायलाही तोच पुढे होता.

गाडीत मागे त्यांची शिंदीच्या पानांची एक चटई कायम असायची. त्यांच्या गोंडांच्या गावात कोणताही निर्णय हात मोजून होत नाही. सगळे गोल करून बसतात आणि शेवटच्या माणसाचं मन होईपर्यंत उठत नाहीत. हीच रीत त्यांनी सभागृहात आणली. एकमत होईना असं दिसलं की खुर्ची सोडायच्या, खाली चटई अंथरायच्या आणि मांडी घालायच्या. मग कोणाची उठायची हिंमत?

एकदा आरोग्य उपकेंद्र कोणत्या गावाला द्यायचं, यावर सभा अडली. बाईंकडे बहुमत होतं, तरी चटई अंथरली गेली. पुढच्या सभेलाही तेच. विरोधी गटाचे वामनराव वैतागले. "बाई, हात मोजा आन मोकळं करा न! ही सभा हाय का लग्नाची बैठक?"

"लग्नाचीच समजा, वामनभाऊ. हात मोजले का हरलेला घरी जाऊन रुसते. मंग नाल्यावरचा कच्चा पूल वाहून गेला का दगड टाकाले तो येते का?"

अखेर केंद्र नदीपलीकडच्या गावाला गेलं, तेही सगळ्यांच्या होकाराने. पण बसून बसून कंबर धरलेले सदस्य तोवर वामनरावांकडे सरकले होते. अविश्वास ठराव आला. इकडे वामनरावांचा भाचा माझ्या जीपभोवती फिरून टायर दाबून पाहू लागला. त्याला माझी जागा हवी होती, हे मी समजलो. बाई गेल्या की मीही गेलो.

ठरावाच्या दिवशी मी सभागृहाच्या खिडकीला चिकटून उभा होतो. बाई म्हणाल्या, "दोघातिघाईचं मन अजून झालं नाई दिसत. बसू थोडं."

सभा चालवायला आलेले अधिकारी म्हणाले, "बाई, कायद्यात बसणं नाही, हात वर करणं आहे."

हात वर झाले. बाईंनी सगळ्यांवरून एकदा नजर फिरवली आणि चहा आला असं सांगावं तशा आवाजात म्हणाल्या, "पडली मी." मग खुर्चीवरून उतरल्या आणि चटई अंथरली.

"एक विषय राह्यला. माह्या ड्रायव्हरले काढू नका. घाटात त्यानं कधी पोटातलं पानी हलू देल्लं नाई. घरापासून दूर आलेला मानूस हाय. कोनाची हरकत असन तं सांगा, मी बसली हाव."

"हा विषय आजच्या सभेपुढे नाही," अधिकारी म्हणाले.

"मंग तुमी चहा घेऊन या न साहेब."

वामनराव पंख्याकडे पाहू लागले. भाचा दारातच उभा होता.

"वामनभाऊ, सावकाश," बाई म्हणाल्या. "आता तं मी सभापतीबी नाई. काहीच काम नाई मले."

त्या किती वेळ बसू शकतात हे सगळ्यांना ठाऊक होतं. मागून कोणी तरी कळवळून म्हणालं, "हो म्हना जी, वामनभाऊ! नाई तं जेवन इथीच मांगवा लागन!" सभागृह हसलं. वामनरावांनी हात झटकला. "राहू द्या त्याले."

"मनातून?"

"मनातून, बाई, मनातून!"

तेव्हा कुठे चटई गुंडाळली गेली. त्या जीपवर मी आजही आहे.

त्या दिवशी बाई बाहेर आल्यावर मी जीपचं दार उघडलं. मला बोलायचं खूप होतं, पण डोळेच आधी भरले. बाईंनी दार लावून टाकलं. "गाडी सभापतीची हाय. रडतं काऊन? मान वर कर." आणि चटई काखेत मारून त्या समोर उभ्या एसटीत चढल्या आणि सरळ पुढच्या राखीव सीटवर जाऊन बसल्या. मी खिडकीखाली उभा होतो.

कंडक्टर म्हणाला, "बाई, मांगं सरका. ही सीट आमदाराची हाय."

"वाचता येते मले," चटई मांडीवर घेत बाई म्हणाल्या. "आतापासून सवय करून राह्यली."