भाटिया सरांचा लॅपटॉप का झोपायचा

नोएडात आमची टीम आठ वर्षं एकच काम करते आहे. लॅपटॉपचं झाकण मिटलं की तो नीट झोपला पाहिजे आणि उघडलं की नीट उठला पाहिजे. त्यासाठी आतल्या प्रत्येक भागाच्या ड्रायव्हरने, म्हणजे तो भाग चालवणाऱ्या कोडने, वेळेवर आवरायचं आणि वेळेवर जागं व्हायचं. एक जरी अडला तरी स्क्रीन काळी, आणि आमच्याकडे आणखी एक किस्सा जमा. आता इतके साठलेत की जेवताना कुणी नुसतं 'वो वाला' म्हटलं तरी बाकीचे हसायला लागतात.

*

एक लॅपटॉप झोपवला की दर काही मिनिटांनी आपोआप उठायचा. आठवडाभर आम्ही माऊसचा ड्रायव्हर चाळला. शेवटी आमची नेहा खिडकीशी उभी राहून म्हणाली, "अरे यार, मेट्रो गेली की हा उठतो. टेबल हलतं, माऊस हलतो." नेहा दिल्लीतल्या लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये वाढलेली, तिचं मराठी असंच. सगळे काम टाकून पुढच्या मेट्रोची वाट बघत उभे राहिलो. मेट्रो आली आणि लॅपटॉप उठला!

*

वायफाय जागं होईना म्हणून मी ड्रायव्हरमध्ये 'इथपर्यंत पोचलो' अशी नोंद करणारी एक ओळ घातली. प्रॉब्लेम गायब. ओळ काढली, परत हजर. ती नोंद लिहिण्यात जाणारा क्षणभर वेळ त्या चिपला हवा होता. मॅनेजर भाटिया सरांनी विचारलं, "ये लाइन क्यों है?" मी म्हटलं, "सर, इसे मत छेड़िए."

*

या कामाने माणूस बिघडतो. मीटिंगमध्ये माझा हात सारखा झाकणाशी चाळा करतो. घरी फ्रिज बंद केला की पाच मोजल्याशिवाय परत उघडत नाही. बायको म्हणते, "अरे, फ्रिज आहे तो. दूध काढ."

*

गेल्या वर्षी मात्र तोंडचं पाणी पळालं. ग्राहक कंपनीने बजावलं होतं, शुक्रवारच्या डेमोत लॅपटॉप नको तेव्हा झोपला तर काम काढून घेऊ. काम गेलं की टीम गेली. आणि डेमो ज्यावर द्यायचा तो भाटिया सरांचा लॅपटॉप टाइप करता करता झोपायचा! तोच लॅपटॉप आमच्या हातात शहाण्यासारखा वागायचा. दोन आठवडे मला जेवण गोड लागलं नाही.

बुधवारी नेहाने सरांच्या मनगटाकडे बोट दाखवलं. ब्लडप्रेशरसाठी घातलेलं चुंबकाचं ब्रेसलेट, सरोजिनी नगरच्या बाजारातून घेतलेलं. झाकण मिटलंय हे लॅपटॉपला झाकणातलं चुंबक कीबोर्डजवळ आलं की कळतं. सरांनी मनगट टेकवलं की त्याला वाटे, मिटलं.

"सर, शुक्रवारी हे घरी ठेवा," मी म्हटलं.

"बिल्कुल," सर म्हणाले.

*

शुक्रवारी सर मोकळ्या मनगटाने आले. डेमो छान चालला. मग ग्राहकांचे मल्होत्रा साहेब म्हणाले, "चलो, मैं खुद चलाकर देखता हूँ."

त्यांनी शर्टाची बाही वर सारली, कीबोर्डवर हात ठेवला, आणि स्क्रीन काळी झाली.

नेहा साहेबांच्या मनगटाकडे बघत होती. मी भाटिया सरांकडे पाहिलं. ते टेबलाकडे बघत पुटपुटले, "दिवाली पे दो लिए थे. एक इनको गिफ्ट भेजा था."