नितीन साळवेचं लोकेशन

राहुरी तालुक्यातल्या निंबेटाकळीत कांदा प्रतवारीचं यंत्र बनवणारा एकच माणूस आहे, नितीन कोंडीराम साळवे. वय बेचाळीस. आयटीआयमधून वेल्डर होऊन तो बाहेर पडला, चौदा वर्षं नगरच्या एमआयडीसीत दुसऱ्यांच्या शेडमध्ये राबला आणि २०१९ साली घराशेजारच्या मोकळ्या जागेत स्वतःचं पत्र्याचं शेड टाकलं. यंत्र दिसायला साधं. वरून कांदा ओतायचा, लहान, मध्यम आणि मोठा माल वेगवेगळ्या क्रेटमध्ये येऊन पडतो. कांद्याची वरची पत्ती मात्र निघत नाही. ही करामत साधायला त्याला दोन वर्षं लागली.

त्याची धाकटी बहीण वृषाली पुण्यात वेबसाइट बनवणाऱ्या कंपनीत आहे. मे महिन्यात ती आठवडाभर आली आणि भावाच्या धंद्याची वेबसाइट तिने जवळजवळ पुरी करून टाकली. नकाशा तेवढा राहिला होता.

"नुसतं चित्र नको, दादा," ती म्हणाली. "गिऱ्हाइकाला बोटाने मोठं करून बघता आलं पाहिजे. पिनवर टिचकी मारली की तुझा फोटो, फोन, कामाची वेळ. आणि 'रस्ता दाखवा' दाबलं की थेट शेडच्या दारात."

कोंडीराम, म्हणजे या दोघांचे वडील, मुळा कालव्यावर चौकीदार होते. ओट्यावरून ते म्हणाले, "कालव्याची चारी नंबर अकरा टाक. तिच्या डाव्या अंगाला."

"नाना, मोबाइलला चारी कळत नाही."

"मंग त्याला कळतंय तरी काय?"

तिघेही हसले. वृषालीने पिन शेडवर टेकवली आणि पत्त्याच्या चौकटीत अक्षरं आपोआप उमटली. हसणं तिथेच थांबलं.

वस्तीचं जुनं नाव होतं ते, जातीवरून पडलेलं. १९९४ साली ग्रामसभेत ठराव होऊन वस्तीचं सिद्धार्थनगर झालं. वेशीशी कमान उभी राहिली, वीजबिलावर आणि मतदारयादीत नवं नाव चढलं. नकाशात मात्र ते अजून जसंच्या तसं होतं. वृषालीने पत्ता हाताने दुरुस्त केला, पण पिनखाली करड्या अक्षरांत ते नाव होतंच. तिने नकाशावाल्या कंपनीला दुरुस्ती कळवली. तिसऱ्या दिवशी उत्तर आलं, 'माहितीची पडताळणी होऊ शकली नाही.'

"लपवता नाही येत?" नितीनने विचारलं.

"आपल्या साइटवर येईल. पण 'रस्ता दाखवा' दाबलं की माणूस त्यांच्या ॲपमध्ये जातो. तिथं माझं काही चालत नाही."

नितीनला संगमनेरचा फोन आठवला. दोन वर्षांपूर्वी संगमनेरच्या एका विक्रेत्याशी फोनवर सगळं ठरलं होतं. शेवटी त्याने विचारलं होतं, "वस्तीचं नाव काय म्हणालात?" नितीनने जुनं नाव सांगितलं. त्यानंतर त्या माणसाने फोन उचलला नाही. ही गोष्ट नितीनने बायकोलाही, जयमालालाही, सांगितली नव्हती. आणि आता शेवगावकडच्या एका शेतकरी कंपनीचे व्यवस्थापक, शामकांत धर्माधिकारी, गुरुवारी यंत्र बघायला येणार होते. सहा यंत्रांची मागणी होती. एवढं काम त्याला आजवर कधी मिळालं नव्हतं.

"पिन नाक्यावर टाक," तो म्हणाला. "भागवतच्या टायरच्या दुकानापुढं."

"शेड इथं आहे, दादा."

"फोन आला की मी जाऊन घेऊन येईन. टाक म्हणतो ना."

"आता पंक्चर काढाया लागला का रं?" कोंडीराम म्हणाले. कुणी हसलं नाही. मग ते हळू आवाजात बोलले, "त्या नावाखाली आमी जल्म काढला, नित्या. तोंड न्हाई लपवलं."

"तुमची सरकारी नोकरी होती, नाना. तुमाला गिऱ्हाईक शोधावं लागलं न्हाई."

बोलून गेल्यावर नितीनला ते लागलं. पण शब्द गेले होते. म्हातारा उठून आत गेला आणि त्या दिवसापासून त्याने मुलाशी कामापुरतंच बोलणं ठेवलं. वृषालीने पिन नाक्यावर हलवली आणि बुधवारी ती पुण्याला गेली.

गुरुवारी धर्माधिकारी ठरल्या वेळेच्या आधीच नाक्यावर पोचले. इकडे नितीन यंत्र चालवून बघत होता. त्या खडखडाटात फोन वाजलेला त्याला कळलाच नाही. शेडपुढे जीप थांबली तेव्हा त्याने मोबाइल पाहिला. पाच मिस्ड कॉल.

"सापडलात एकदाचे!" धर्माधिकारी उतरता उतरता म्हणाले. "त्या टायरवाल्यांनी वाट सांगितली."

भागवतने वाट कोणत्या नावाने सांगितली असेल, ते नितीनला विचारावं लागलं नाही. गावाच्या तोंडी तेच होतं.

धर्माधिकाऱ्यांनी यंत्र मन लावून पाहिलं. तीन क्रेट कांदा ओतायला लावला, निघालेला माल हातात घेऊन पत्ती चाचपली. "काम चोख आहे हो," ते म्हणाले आणि मग खुर्चीत बसले. "पण एक विचारतो, रागावू नका. साइटवर तुमचा कारखाना टायरच्या दुकानात आहे. मागच्या वर्षी एकाने आम्हाला असंच फसवलं. पत्त्यावर गेलो तर सलून निघालं. दाढी करून परत आलो. उद्या ऐन हंगामात मशीन बंद पडलं तर मी तुम्हाला शोधायचं कुठं?"

"पिन चुकून पडली, साहेब."

"अर्धा किलोमीटर चुकून?" त्यांनी आपला मोबाइल पुढे केला. "बरं, खरी जागा तुम्हीच लावून द्या. सभासदांच्या ग्रुपवर टाकतो. चारशे लोक आहेत, त्यांनाही येऊन बघता येईल."

नितीनने मोबाइल घेतला. नकाशा मोठा केला. नाका, शाळा, चारी, शेड. शेडवर त्याने अंगठा टेकवला आणि तो तिथेच राहिला. नाव अंगठ्याखाली होतं.

"मिळालं का?" धर्माधिकाऱ्यांनी विचारलं.

"हो. हे... इथं."

ओट्यावरून कोंडीराम म्हणाले, "बोट उचल की. सायबांना दिसंना झालंय."

नितीनने अंगठा उचलला.

धर्माधिकाऱ्यांनी चष्मा लावला, वाचलं. नितीनकडे पाहिलं, मग कमानीकडे. "हे नाव अजून आहे?"

"कागदावरनं गेलं," कोंडीराम म्हणाले. "फोनमधी ऱ्हायलंय. आन् लोकांच्या तोंडात."

धर्माधिकाऱ्यांनी लोकेशन ग्रुपवर टाकलं, मोबाइल खिशात ठेवला, जयमालाने दिलेला चहा प्याले. "संचालकांपुढे ठेवतो. सोमवारपर्यंत कळवतो," असं म्हणून ते निघाले. त्यांच्या चेहऱ्यावरून नितीनला काहीच उमगलं नाही.

त्याच संध्याकाळी त्याने वृषालीला फोन केला. "पिन शेडवर आण."

"नाव दिसेल, दादा."

"माहीत आहे. दुरुस्तीचा अर्जही परत टाक. ग्रामसभेचा ठराव जोड, मी फोटो पाठवतो."

कोंडीरामांनी पेटीतून ठरावाची प्रत आणून दिली. जेवायलाही ते मुलाशेजारीच बसले.

सोमवार गेला. मंगळवारही गेला. बुधवारी नितीनने स्वतःच फोन लावायचं ठरवलं, नंबर काढला आणि तसाच बसून राहिला. धर्माधिकारी कशामुळे गप्प असतील? पत्ता लपवला म्हणून, की दिसला म्हणून? विचारायचं तरी कसं, ते त्याला सुचेना. त्याने मोबाइल बाकावर ठेवला आणि यंत्राच्या बेअरिंगला ग्रीस लावायला घेतलं.