जाळ्याची सुरुवात

निवृत्त झाल्यावर पहिले काही महिने मी घरातल्या खुर्च्या नुसत्या इकडून तिकडे करत होते. ते बघून माझ्या भाचीने मला एका मेळाव्यात स्वयंसेवक म्हणून ओढलं. तो मेळावा तिने आणि तिच्या मित्रमैत्रिणींनी मीरा रोडपलीकडच्या डोंगरी गावातल्या एका वाडीत दोन दिवसांसाठी भरवला होता. पूर्वी माणसं हाताने जे करायची ते तिथे शिकवणार होते. लाकडावर लाकूड घासून आग, चाकाशिवाय मडकी, दोर, टोपल्या, जाळी.

"मावशी, तू कोकणातली. तुला येत असेल ना यातलं काहीतरी?" तिने विचारलं.

मला काही येत नव्हतं. लग्न होऊन नवघरला आले आणि पुढची सगळी वर्षं ऑफिसात फायली लावण्यात गेली. पण नाही म्हणायलाही कारण नव्हतं.

मला काम मिळालं ते जवळच्याच समुद्रकाठच्या पालीहून आलेल्या एका म्हाताऱ्या कोळीबाबांच्या शेजारी बसायचं. ते जाळं विणायला शिकवणार होते. शिकायला आलेली माणसं मीरा रोड, बोरिवलीकडची, बहुतेक हिंदी किंवा गुजराती बोलणारी. बाबांचं बोलणं त्यांना मी हिंदीत सांगायचं होतं. बाबांनी इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला होता आणि गळ्यात बारीक क्रॉस होता. वर्तमानपत्रात गुंडाळून त्यांनी बांबूची चपटी सुई आणि सुताचा गुंडा आणला होता. पलीकडे दोन तरुण घामाघूम होऊन काठ्या घासत होते. त्यांच्याकडे बघत बाबा मला म्हणाले, "माचिस महाग झाली काय, बाय?"

ताडपत्रीवर पंधराएक माणसं बसली आणि बाबांनी सुरुवात केली. सुईवर सूत भरलं, झाडाच्या फांदीला दोरी बांधली, दोन-तीन फास घातले आणि थांबले. सगळं सोडवलं. पुन्हा घातलं, पुन्हा सोडवलं. तिसऱ्यांदा तसंच झालं तेव्हा लोक मोबाइल काढून बसले. वेळ मारून न्यायला मी बाबांना बोटीवरच्या गोष्टी विचारल्या. त्यांनी सांगितल्याही, पण कपाळावरचा घाम काही थांबेना.

शेवटी ते माझ्याकडे वाकून हळूच म्हणाले, "फाटलेलं जालं मी शिवतो. आयुष्यभर शिवलं. पण नव्या जाल्याची सुरवात मला न्हाय येत."

"मग घरी कोण करायचं?"

"बायको."

"मग त्यांना का नाही आणलंत?"

त्यांनी जरा विचार केला. "कोणी विचारलंच न्हाय. मला पण न्हाय सुचलं."

भाची धावत आली. हा गट दोर वळणाऱ्यांकडे पाठवू का, म्हणाली. बाबांचा चेहरा बघून मी म्हटलं, मला तासभर दे. मग बाबांनी घरी फोन लावला. पलीकडचा आवाज मलाही ऐकू येत होता. चुलीवर भात आहे, मासळी वाळत घातलीय, तुम्हाला बोलावलंय तर तुम्हीच करा, असं काहीतरी चाललं होतं. मी फोन हातात घेतला.

"मावशी, मी इथे मदतीला आलेय. तुमच्याशिवाय आमचं अडलंय."

पलीकडे भांड्यावर झाकण ठेवल्याचा आवाज आला. मग, "रिक्षा कुठे थांबवू?"

मी रस्त्यावर जाऊन उभी राहिले. त्या उतरल्या तेव्हा हातात कापडी पिशवी होती आणि तिच्यात त्यांची स्वतःची सुई, वापरून वापरून काळी, गुळगुळीत झालेली. नवऱ्याकडे न बघता त्या ताडपत्रीवर बसल्या, पाय लांब केला, सुताचं टोक पायाच्या अंगठ्याला अडकवलं आणि विणायला लागल्या. बघता बघता जाळ्याच्या डोळ्यांची एक ओळ तयार झाली. कोणीतरी म्हणालं, आंटी, जरा धीरे. त्यांनी वेग कमी केला आणि लगेच गाठ चुकली.

"हलू केलं का चुकतंय," त्या मला म्हणाल्या.

मी लोकांना सांगितलं, त्या त्यांच्याच वेगाने करतील, आपण दहा वेळा बघू. तसंच चालू राहिलं. दुपारपर्यंत बोरिवलीच्या एका शिक्षिकेला पहिली ओळ जमली. तिने ती सगळ्यांना फिरून दाखवली.

मला मात्र मावशींच्या हाताकडे बघताना आई दिसत होती. रत्नागिरीला आमच्या अंगणात ती भिजवलेल्या नारळाच्या झावळ्या घेऊन बसायची आणि मांडवासाठी झाप विणायची. वडील ते डोक्यावरून घरोघरी पोचवायचे, आणि गाव म्हणायचं, यांच्याकडचे झाप पक्के असतात. विणतं कोण, हे कुणाच्या तोंडी नसायचं. एकदा आई मला म्हणाली होती, "शिकून घे, हातात राहील." मला तेव्हा टायपिंगच्या क्लासला जायचं होतं. मुंबईत कुणाला झाप लागतात, असं मी तिला म्हणाले. ती हसली आणि तिने मला पुढची झावळी धरायला सांगितली. नंतर तो विषय तिने कधी काढला नाही.

जेवताना मावशींनी विचारलं, "तुला काय येतं, बाय?"

"काही नाही," म्हणता म्हणता मी झापांचं बोलून गेले.

वाडीत झावळ्या पडलेल्याच होत्या. मावशींनी बाबांना एक ओढून आणायला लावली. "बस," त्या मला म्हणाल्या. पहिली पाच-सहा पानं मी उलटीच घातली. सोडवली. मग कधीतरी बोटं आपली आपण चालायला लागली, एक पान खालून, एक वरून. मी मान वर केली नाही. अर्धा झाप झाला तेव्हा मावशींनी तो उचलून उजेडात धरला.

"वाकडा हाय," त्या म्हणाल्या. "पण झाप हाय."

दुसऱ्या दिवशी भाचीने फलकावर बाबांच्या नावाच्या वर मावशींचं नाव लिहिलं. मावशींनी फलकाशेजारी उभं राहून माझ्याकडून फोटो काढून घेतला आणि वसईला असलेल्या आपल्या मुलीला पाठवायला लावला. बाबा दिवसभर त्यांना सुया भरून देत होते. मध्येच एका माणसाने त्यांना काहीतरी विचारलं, तर त्यांनी बोटानेच बायकोकडे दाखवलं.

पुढच्या वर्षीही मेळावा झाला, त्यानंतर भाची नाशिकला गेली आणि तो बंद पडला. मी मात्र महिन्यातून एखाद्या रविवारी पालीला जाते. आम्ही दोघी ओट्यावर जाळं विणत बसतो, बाबा चहा करतात. मधे मावशींना दिसेनासं झालं होतं, तेव्हा त्या नुसत्या बोटांनी चाचपून विणायच्या आणि माझ्या चुका सुटून जायच्या. आता मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय. माझी प्रत्येक गाठ त्यांना दिसते, आणि अर्ध्याअधिक त्या मला सोडायला लावतात.