डाव्या हाताची गोधडी

माझ्या आयुष्यातला सगळ्यात मोठा गाढवपणा मी पेनाने केला, आणि तोही सुवाच्य अक्षरात. कॅनडात, ग्वेल्फमधल्या एका चर्चच्या बेसमेंटमध्ये हाताने शिवलेल्या रजया-गोधड्यांचं प्रदर्शन होतं. मी शिवलेली गोधडी तिथे टांगली होती. टेबलापाशी बसलेल्या बाईंनी एक कोरं कार्ड माझ्यापुढे सरकवलं आणि सांगितलं, जिने ही केली तिचं नाव लिही. मी वाकले, ओळ वाकडी जाणार नाही याची काळजी घेतली, आणि माझ्या नणंदेचं नाव लिहिलं.

कोणी माझा हात धरला नव्हता. वन्सं शेजारी कुबड्यांवर उभ्या होत्या आणि माझ्याकडे बघत होत्या, एवढंच. पण घर त्यांचं, विमानाचं तिकीट त्यांचं, आणि आमच्याकडे नणंद म्हणजे मानाची. लग्नात पहिली साडी तिला, हळदीकुंकवात पहिली ओटी तिची. मला वाटलं, कार्डसुद्धा मानाचंच असणार. चव्वेचाळीस वर्षांची घोडी मी, नवरा जाऊन तीन वर्षं झालेली, मुलगी कॉलेजात, आणि अक्कल मात्र माप ओलांडून आलेल्या नव्या नवरीची.

वन्संचा पाय ड्राइव्हवेवरच्या बर्फात घसरून मोडला होता, म्हणून त्यांनी मला सहा महिन्यांसाठी बोलावून घेतलं होतं. मी स्वयंपाक करायचे, त्यांना वॉशरूमपर्यंत न्यायचे, आणि उरलेल्या वेळात करायला काही नाही म्हणून शिवायचे. त्यांच्या बेसमेंटमध्ये जुन्या साड्यांच्या दोन बॅगा होत्या. नेसवत नाहीत आणि टाकवतही नाहीत अशा त्या साड्या. मी त्यांची गोधडी करायला घेतली.

आता इथे एक गोष्ट सांगायला हवी. मी डावखुरी आहे. सासरी आल्यावर पहिल्याच पंगतीत वन्सं म्हणाल्या होत्या, "वहिनी, डाव्या हाताने वाढू नका हो, घास उतरत नाही." सगळे हसले. मीही हसले, कारण तेव्हा मी सगळ्यालाच हसायचे. मग वाढणं, लिहिणं, निरांजन ओवाळणं, सगळं मी उजव्या हातावर नेलं. सुई तेवढी गेली नाही. सुईने ऐकलंच नाही. तेव्हा ती गोधडी मी डाव्या हाताने शिवली आणि तिच्याखालचं नाव उजव्या हाताने लिहिलं. यावरून काय ते समजा.

गोधडीला पहिल्या क्रमांकाची निळी फीत मिळाली. गावातल्या वर्तमानपत्राचा फोटोवाला आला. वन्संनी कुबड्या बाजूला ठेवल्या, पदर सारखा केला आणि "आईकडून शिकले" म्हणून सांगितलं. सासूबाई बिचाऱ्या हयातीत सुईत दोरा ओवायलासुद्धा मलाच हाक मारायच्या. त्या फोटोच्या कडेला एक कोपर दिसतं. ते माझं. मी चहाचा ट्रे घेऊन चालले होते.

त्याच वेळी, त्या ट्रेमागून, मी ते वाक्य ऐकलं. शिवणाऱ्या बायकांची म्होरकी एक गोरी म्हातारी होती, ऐंशीच्या घरातली, बोटांना सुयांचे घट्टे पडलेली. ती वन्संना म्हणाली की असं काम करणाऱ्या माणसांना या देशात राहायला मिळतं, स्वतःच्या हुनरावर पोट भरणाऱ्या कलाकारांसाठी वेगळा अर्ज असतो. वन्सं हसल्या. "आय ॲम ऑलरेडी अ सिटिझन," म्हणाल्या. ज्या बाईला हे कळायला हवं होतं ती साखर किती घालू विचारत फिरत होती.

पुण्याला परतल्यावर मी तो अर्ज शोधून काढला. पुण्यात मी आणि मुलगी दिरांच्या घरातल्या मागच्या खोलीत राहत होतो. स्वयंपाकघर सामाईक, आणि खोलीच्या दाराला आतून कडी नव्हती. ती लावून घ्या असं मी तीन वर्षं म्हणत होते. मला कॅनडा वगैरे काही नको होतं, मला आतून लावता येईल असं दार हवं होतं. ते कॅनडात मिळत असेल तर कॅनडा.

दहा वर्षं मी बाळंतविड्याच्या दुपट्यांपासून मोठ्या गोधड्यांपर्यंत सगळं लोकांना शिवून देत होते. दुकानदारांची पत्रं आणली, गिऱ्हाइकांची आणली, फोटो काढले. आणि मग, वजन पडावं म्हणून, सगळ्यात वर ग्वेल्फचं ते कात्रण लावलं. हो, तेच. वन्संचा हसरा चेहरा, खाली वन्संचं नाव, कडेला माझं कोपर. मला वाटलं, साहेब गोधडी बघेल. साहेबाने वाचलं.

काही महिन्यांनी पत्र आलं. तुम्ही जोडलेल्या पुराव्यात हे काम दुसऱ्या स्त्रीचं असल्याचं दिसतं. दिलेल्या मुदतीत खुलासा करा, नाहीतर अर्ज नाकारला जाईल.

मी वन्संना फोन केला.

"वन्सं, दोन ओळी लिहून द्या. गोधडी वहिनीने शिवली, एवढंच."

"अहो पण आता? इथे सगळ्या मंडळात माहितीये. मी काय तोंड दाखवू?"

"माझा अर्ज जाईल हो."

"अर्ज काय, पुन्हा करता येतो. आणि साड्या तर माझ्याच होत्या ना, वहिनी!"

मी "बरं" म्हटलं. त्या "बरं"ची मला आजही लाज वाटते, पण ते माझं शेवटचं "बरं" होतं. फोन ठेवायच्या आधी वन्संच म्हणाल्या, "पायातली प्लेट काढायचीये पुढच्या महिन्यात. याल ना? तुमचा व्हिसा आहे अजून."

"येते की," मी म्हटलं.

पहिल्या खेपेला मी त्यांचा पाय भक्तीने सांभाळला होता. या खेपेलाही सांभाळला, त्यात कसूर केली नाही. वेळेवर गोळ्या, वेळेवर मऊ भात. माणूस धडधाकट झाल्यावरच त्याला हरवण्यात मजा असते. त्या माझीच गोधडी पांघरून झोपायच्या. मी रोज सकाळी तिची घडी घालायचे आणि मनात म्हणायचे, थांब बाई, तुला घेऊन जाते.

त्या चालायला लागल्यावर मी सांगितलं, "वन्सं, चर्चमधल्या म्हातारीने बोलावलंय. तुमची गोधडी पुन्हा बघायचीये म्हणे." हे खोटं नव्हतं. म्हातारीला मीच जाऊन भेटले होते, पत्र दाखवलं होतं. तिने मान हलवली होती आणि म्हणाली होती, मला सांगू नकोस, गोधडी आण, आणि त्या बाईलाही आण. वन्संनी हौसेने नारायणपेठ नेसली, वर विंटर कोट चढवला. गोधडी मी काखेत घेतली.

बेसमेंटमध्ये दहा-बारा बायका लाकडी चौकटीभोवती बसल्या होत्या. म्हातारीने गोधडी टेबलावर उलटी पसरली. सुलट बाजू कोणीही बघतं, उलट बाजू शिवणारीच बघते. आपल्या गोधडीचा धावदोरा कडेने सुरू होतो आणि फेरे घेत घेत मध्यावर येतो. ठिगळंही त्याच वाटेने एकावर एक चढत जातात. उजव्या हाताची शिवणारी एका दिशेने फेरे घेते, डावखुरी बरोबर उलट दिशेने. म्हातारीने एका कोपऱ्यावर बोट ठेवलं आणि टाक्यांवरून फिरवत नेलं. एक फेरा, दुसरा फेरा. मग थांबली. स्वतःचा उजवा हात हवेत धरून शिवल्यासारखा करून पाहिला. मान हलवली. डावा धरला.

"हूज द लेफ्टी?" तिने विचारलं.

बायका एकमेकींच्या हातांकडे बघू लागल्या. मी हात वर केला नाही. वीस वर्षं गप्प बसण्याचा सराव होता, तो एकदाच कामी आला.

म्हातारीने दोन सुया ओवल्या, कापडाचे दोन तुकडे घेतले, एक वन्संना दिला, एक मला. अगदी गोड आवाजात म्हणाली, तुमचा टाका आमच्या बायकांना दाखवा. वन्संनी सुई उजव्या हातात धरली. पहिला टाका लांब, दुसरा त्याहून लांब, तिसरा बोटात. रक्ताचा ठिपका पांढऱ्या कापडावर आला. कोणीतरी टिश्यू पुढे केला. मी माझ्या तुकड्यावर डाव्या हाताने तीन ओळी घातल्या, तांदळाच्या दाण्याएवढे टाके, सगळे त्या उलट्या वाटेने. वन्संच्या देखत, चारचौघींत मी पहिल्यांदाच डावा हात उघड्यावर आणला होता. काय सांगू, जेवण इतकं छान उतरलं त्या दिवशी!

म्हातारीने तिथेच बसून पत्र लिहिलं. आपण साठ वर्षं शिवतो आहोत आणि शिकवतो आहोत, ही गोधडी डावखुऱ्या हाताची आहे, आपल्यासमोर बसलेल्या दोघींपैकी एकच डावखुरी आहे, आणि कार्डावरचं नाव चूक आहे. खाली तिथल्या सगळ्या बायकांनी सह्या केल्या. वन्सं गाडीत बोटाला टिश्यू गुंडाळून खिडकीबाहेर बघत बसल्या. मी मुद्दाम विचारलं, "बोट दुखतंय का?"

अर्ज मंजूर झाला. मुलीला घेऊन मी पार पश्चिम टोकाला व्हँकुव्हरला उतरले, आणि जाणूनबुजून तिथेच शेजारच्या कोक्विटलाममध्ये भाड्याने घर घेतलं, म्हणजे मी आणि वन्सं यांच्यामध्ये आख्खा देश येईल. पहिलं घर एका बेसमेंटमधली दीड खोली होती. पहिल्या दिवशी मी दार आतून लावलं, उघडलं, पुन्हा लावलं. मुलगी म्हणाली, "आई, बास." पण मी आणखी एकदा लावलं.

लोक म्हणतात, वय झालं की माणूस माफ करायला शिकतं. मला अजून कोणी शिकवलेलं नाही. गोधड्या शिवून आणि शिकवून मी या देशात राहिले, नातवंडं झाली, आणि दर हिवाळ्यात ग्वेल्फला मी एक गोधडी पोस्टाने पाठवते. चारही कोपऱ्यांत आणि मध्यभागी लाल दोऱ्याने माझं नाव, ठसठशीत. तिकडे थंडी अशी पडते की वन्संना ती पांघरावीच लागते. नात विचारते, "आजी, डू यू हेट हर?" मी म्हणते, नाही गं, मी तिला उबेत ठेवते.

गेल्या उन्हाळ्यात नातीला घेऊन मी ग्वेल्फला गेले. वन्सं आता वाकल्या आहेत, चष्मा जाड झालाय. मी श्रीखंड-पुरीचा बेत केला आणि त्यांच्या पानात वाढायला गेले, डाव्या हाताने. पहिल्यापासून शेवटपर्यंत, मीठसुद्धा. त्या जेवत होत्या. नातीला मी ही सगळी गोष्ट विमानात सांगितली होती, तिखटमीठ लावून. तिने पुरी मोडता मोडता सरळ विचारलं, "सो, डिड यू स्टील माय आजीज क्विल्ट?"

मी हातातलं भांडं खाली ठेवलं. दोन दशकं मी या क्षणाची वाट बघत होते. आता मान खाली जाईल, आता डोळे भरतील. वन्संनी बोटं चाटली, चष्म्यातून माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या:

"वहिनी, कार्ड तुम्ही लिहिलंत. मी शेजारी उभी होते, म्हटलं आता खोडतील, मग खोडतील. तेव्हाच 'माझी आहे' म्हणाला असतात तर मी काय कुबडी मारणार होते? तुम्हाला भांडायला अर्धी पृथ्वी ओलांडून यावं लागलं, त्यात माझा काय दोष? श्रीखंड वाढा अजून. त्याच हाताने वाढा."