नाही म्हणायची खोली

विद्यापीठाच्या नीतिमत्ता समितीवर मला का घेतलं, हे मी पहिल्याच दिवशी ओळखलं होतं. माणसांवर करायचं कुठलंही संशोधन आधी या समितीपुढे येतं. कोणाला काय विचारणार, कसं विचारणार, त्याचा कोणाला त्रास झाला तर काय, हे तिथे तपासतात. डॉक्टर, प्राध्यापक, वकील असतातच, पण नियमाप्रमाणे एक साधं माणूसही लागतं, ज्याला यातलं काही कळत नाही असं. ते साधं माणूस मी. टपाल खात्याच्या खिडकीमागून निवृत्त झालेली, डोंबिवलीत राहणारी, खाडीकाठच्या शेतकरी घरातली बाई. ठाण्याला बैठकीला यावं, समोसा खावा, मान हलवावी आणि हजेरीपटावर सही करावी, एवढीच माझ्याकडून अपेक्षा. पहिली दोन वर्षं मी ती इमानेइतबारे पुरी केली. त्याची मला आजही लाज वाटते.

मग एका दुपारी माहेरच्या गावाहून चुलतभावाच्या बायकोचा फोन आला. गावाचं नाव लिहीत नाही. कल्याणच्या खाडीकडे अशी गावं पुष्कळ आहेत, शोधत बसू नका.

"ताय, गावान विद्यापीठाची पोरगी येनार हाय," ती हळू आवाजात म्हणाली. "बायकांच्या आजाराचा विचारनार. पाली, पिशवी, बालंतपना, सगला."

"तुला नको असेल तर नको सांगू."

"गावकीनी ग्रुपवर टाकलाय. परत्येक घरातली सून गेलीच पायजे. मना नाय सांगाचा गो कोनाला."

तिला का सांगायचं नव्हतं ते मला ठाऊक आहे. मी ते समितीला सांगितलं नाही, इथेही सांगणार नाही. तिची गोष्ट तिची आहे.

आमच्या गावकीबद्दल मात्र सांगते. गावातल्या घरांच्या वतीने चार-पाच कर्ते पुरुष देवळापाशी बसतात आणि ठरवतात. जत्रा कधी, रस्ता कुठून, कोणाच्या भांडणात कोणी पडायचं नाही. त्यांनी हो म्हटलं की गावाचं हो. पूर्वी न ऐकणाऱ्याला वाळीत टाकत. आता कायदा आहे, उघडपणे तसं कोणी करत नाही. पण मुलाच्या हळदीला मांडवात कोणी फिरकलंच नाही, तर कुठला कायदा आणणार? आमच्याकडे हळदीला माणूस आलं नाही म्हणजे काय, हे ज्याच्या दारात झालंय त्यालाच विचारा.

आठवड्याभरात समितीच्या पुढच्या बैठकीची कागदपत्रं घरी आली. तिसऱ्या फाईलवर आमच्या गावाचं नाव होतं. आत शेवटी एक पत्र जोडलेलं, शिक्का मारून, पाच सह्यांचं. सदर अभ्यासास गावाची एकमताने संमती आहे. ते वाचून माझं डोकंच फिरलं.

बैठकीत अध्यक्षांनी त्या पत्राचं भरभरून कौतुक केलं. "अतिशय स्तुत्य," ते म्हणाले. "बहुतेक संशोधक थेट घरात शिरतात. या मुलीनं आधी समाजाला विश्वासात घेतलं आहे."

"सर, सह्या पाच पुरुषांच्या आहेत," मी म्हटलं. "यातल्या कोणाला पाळी येते?"

दोन वर्षांत मी पहिल्यांदा तोंड उघडलं आणि हे बोलले. वकीलबाईंना ठसका लागला. पाणी पिऊन त्या म्हणाल्या, "पण अर्जात स्पष्ट लिहिलंय, सहभागी महिलेला केव्हाही माघार घेता येईल."

"सगळ्या जणी समाजमंदिराच्या सभागृहात एकत्र बसणार. शेजारी सासू, मागे जाऊ. माघार घेणार कुठून, खिडकीतून?"

"बाई, तुम्हाला या गावाची एवढी माहिती कशी?" अध्यक्षांनी विचारलं.

"माझं माहेर आहे. अर्जासोबतच्या यादीत माझ्या नात्यातल्या बायका आहेत."

अध्यक्षांचा चेहरा एकदम खुलला. "मग इथे तुमचा हितसंबंध येतो. नियमानुसार या विषयापुरतं तुम्हाला बाहेर बसावं लागेल."

मी लगेच उठले, पर्स घेतली आणि बाहेर बाकावर जाऊन बसले. पाच मिनिटांत सचिव धावत आले.

"मॅडम, आत चला ना. साधा सदस्य नसेल तर गणसंख्याच होत नाही. निर्णय घेता येत नाही आम्हाला."

हा नियम मला माहीत नव्हता, असं मी सगळ्यांना सांगत आले आहे. माहीत होता. टपाल खात्यात जन्म घालवलेल्या माणसाला नियमांची वही उशाला घेऊन झोपायची सवय असते.

"फक्त येऊन बसा हो," ते अजिजीनं म्हणाले. "बोलू नका, म्हणजे झालं."

"बाहेर बसायला सांगितलंत, बाहेर बसलेय. नियम तुमचाच आहे."

विषय पुढे ढकलला गेला. जिन्यात ती संशोधक मुलगी भेटली, डोळे भरलेले. पंचविशीची असेल. "मी काही वाईट करत नव्हते," ती म्हणाली. "त्या बायका आयुष्यभर दुखणी अंगावर काढतात. कोणी लिहूनसुद्धा ठेवत नाही."

तिचं खरं होतं, आणि मी तिला तसं सांगितलंही. मग तिथेच पायरीवर तिला बसवलं.

"गावकी काय म्हणते? प्रत्येक सून गेली पाहिजे. जाऊ दे प्रत्येक सून. पण एकेकटी. समाजमंदिरातली मागची छोटी खोली घे, दार लावून घे. आत गेल्यावर पहिला प्रश्न एकच, सांगायचंय की नाही? नाही म्हणाली तर चहा दे, भाजीपाल्याचं बोल. सगळ्यांना वेळ सारखाच, अर्धा तास. कोण बोललं आणि कोण नाही, बाहेर कोणाला कळता कामा नये. गावकीलासुद्धा."

"आणि पुष्कळ जणी नाहीच म्हणाल्या तर?"

"तर तेच लिही. किती बायकांना विचारल्यावर नाही म्हणता आलं, हे तरी आजवर कोणी लिहिलंय?"

हितसंबंध असलेल्या सदस्यानं अर्जदाराला जिन्यात गाठून असं काही सांगावं का? सांगू नये बहुतेक. मी सांगितलं, आणि पुन्हा वेळ आली तर पुन्हा सांगेन.

पुढच्या बैठकीला त्यांनी माझ्या जागी एक निवृत्त मास्तर बोलावले आणि तो अर्ज, खोलीसकट, मंजूर झाला. माझी मुदत संपल्यावर ती वाढवली नाही. न वाढवोत. समोसेही काही फार बरे नसायचे.

गावात बायकांना बोलावलं होतं, त्या रविवारी मी दिवसभर फोन जवळ ठेवून होते. संध्याकाळी भावजयीचा आला.

"गेली होतीस?" मी विचारलं.

"गेलेली. सासू भायेर बाकड्यावर, मी आत. पोरीनी दार लावला न् विचारला, सांगाचा हाय का? मी बोल्ली, नाय."

"मग?"

"मंग काय, चाय पिली. तिनी मना कोलंबीचा कालवन कसा करतान ता विचारला. अर्दा तास झाल्यावर उठली. ताय, निंगताना ती मना थँक्यू बोल्ली. नाय बोलल्यावर कोन थँक्यू बोलतं का गो?"