ड्रॉइंग हॉलमधली सहावी काच

दारावर टांगलेली लिंबू-मिरची काढून संध्याकाळच्या भाजीत घालणाऱ्यांपैकी मी आहे, हे आधीच सांगते. तीस वर्षांहून जास्त काळ पोरांना काँक्रीट शिकवलं. ज्याची टेस्ट घेता येत नाही त्यावर विश्वास ठेवायचा नाही, हे त्यांना बजावलं आणि स्वतःही पाळलं. या सदरातले अनुभव मी आजवर हसण्यासाठीच वाचत आले... आता हसायची पाळी तुमची.

नांदेड-लातूर रोडवरच्या एका गावातलं आमचं टेक्निकल कॉलेज. गावाचं नाव मुद्दाम देत नाही, माणसांची नावंही बदलली आहेत. निजामाचं राज्य गेल्यावर थोड्याच वर्षांत ही इमारत उभी राहिली. आजूबाजूला सगळी माळवदाची, मातीच्या सपाट छताची घरं आणि मध्येच ही दुमजली, लांबलचक, सरळ रेषांची. काळ्या दगडाचं जोतं, वर आरसीसीची फ्रेम, जिन्याला सिमेंटची जाळी. वरच्या मजल्यावर ड्रॉइंग हॉल—साठ लाकडी बोर्ड, शहाबादी फरशी आणि खिडक्या फक्त उत्तरेकडं, म्हणजे ऊन आत येऊ नये आणि कागदावर हाताची सावली पडू नये. मी कंधारहून शिकायला आले तेव्हा त्या हॉलमध्ये आम्ही दोनच मुली होतो. पहिल्या दिवशी तो शांत, एकसारखा उजेड बघून मला वाटलं होतं, इथून जाऊच नये. आणि गेलेही नाही. शिकले तिथंच शिकवायला लागले.

मला शिकवलं बिरादार सरांनी. सर उदगीरचे. कपाळावर विभूतीचे पट्टे, पांढरा शर्ट, खिशात फूटपट्टी. शाळा उर्दूतून झाल्यामुळं आकडे शेवटपर्यंत उर्दूत लिहायचे. फळ्यावर अख्खं गणित उर्दू आकड्यांत करायचे आणि उत्तर तेवढं आमच्यावर दया म्हणून मराठीत. या इमारतीचं बांधकाम चाललेलं असताना ते विशीतले सुपरवायझर होते. स्लॅबची गोष्ट तर आम्हाला पाठ होती. “सकाळी सहाला सुरू केलं, दिवस मावळला तरी बायांची रांग तुटली न्हाई. शेवटचं घमेलं वर गेलं तवा गूळ वाटला पोरीहो.” सांगताना त्यांचा चेहरा उजळायचा.

भूकंप झाला तेव्हा सर रिटायर झाले होते, मी नुकतीच नोकरीला लागले होते. इमारत उभी राहिली, पण ड्रॉइंग हॉलमध्ये पाच ठिकाणी भेगा गेल्या. सर आपणहून आले. लॅबमधल्या काचेच्या स्लाइड घेतल्या आणि प्रत्येक भेगेवर एकेक आडवी, दोन्ही टोकांना प्लास्टर ऑफ पॅरिस लावून चिकटवली. वाटी मी धरली होती. भेग रुंदावली तर काच तडकते, इतकं साधं शास्त्र. ओल्या प्लास्टरवर खिळ्यानं त्यांनी नंबर कोरले, एक ते पाच, उर्दूत.

“भिंत बोलून राहिली, आपन ऐकायचं,” म्हणाले.

त्या पाच काचा तेव्हापासून अखंड होत्या. सर जाऊनही पंधरा-सोळा वर्षं झाली.

गेल्या वर्षी इमारत पाडायचं निघालं. मी पेटून उठले. रिटायरमेंटला थोडे महिने उरले होते, तेवढ्यात ही वाचवायचीच असं ठरवलं. जुन्या ब्लूप्रिंट धुंडाळल्या, बांधकामाची डायरी अडगळीतून काढली, इमारतीचा इतिहास लिहिला. माझा मुख्य पुरावा त्या पाच काचा. इतकी वर्षं एकही तडकली नाही, म्हणजे इमारत हललेली नाही! इमारत तपासणाऱ्या समितीची भेट परवावर आली होती. फक्त एकेका कॉलमचे फोटो राहिले होते.

दुपारी एकच्या सुमारास मी आणि शिपाई गफूरभाई हॉलमध्ये गेलो. पूर्वेच्या कोपऱ्यातल्या कॉलमसमोर मॉडेल ठेवायचं मोठं कपाट होतं, ते दोघांनी सरकवलं. मागं कॉलमवर चुन्याचा जुना थर, बाकी काही नाही. फोटो काढला. हॉलला कुलूप लावलं, चावी पर्समध्ये टाकली आणि आम्ही दोघं खाली पोर्चमध्ये डबा खायला बसलो. गफूरभाई पूर्ण वेळ माझ्यासमोर होते, हे मी शपथेवर सांगते. वर जायला जिना एकच, तोही पोर्चमधूनच.

दोनला वर आले, कुलूप उघडलं. त्या कॉलमवर काच होती.

लॅबची स्लाइड, आडवी. तिच्याभोवतीचा चुना नीट खरवडलेला, पापुद्रे खाली फरशीवर पडलेले. काचेखाली केसाएवढी भेग. बाजूला उर्दूत नंबर. गफूरभाईंनी वाचला, “छे हाय मॅडम. सहा.”

मी हात लावला. प्लास्टर गरम होतं. ज्यांनी हे काम केलंय त्यांना माहीत आहे—प्लास्टर ऑफ पॅरिस घट्ट होताना तापतं आणि थोड्याच वेळात निवतं. म्हणजे लावून अर्धा तासही झाला नव्हता. माझं बोट तिथंच असताना टच् असा बारीक आवाज झाला आणि काच मधोमध तडकली.

गफूरभाईंचे वडील या कॉलेजात माळी होते, त्यांचं बालपण याच आवारात गेलेलं. गफूरभाई हळूच म्हणाले, “काढून टाकू का मॅडम? आपन दोघंच हाव. कुनाला कळनार न्हाई.”

खोटं कशाला सांगू, मी काचेला नख लावलं होतं. नुसतं ओरबाडलं असतं, कपाट परत सरकवलं असतं, तर माझी फाइल पूर्ण होती. पण खाली पोरांचा आवाज यायला लागला. अडीचला फर्स्ट इयरचं प्रॅक्टिकल होतं, साठ पोरं याच छताखाली उभी राहणार होती.

“नको,” म्हटलं. “पोरांना खालूनच परत पाठवा. सांगा, मॅडमला बरं नाही.”

समितीला मी तडकलेली काच दाखवली. कुणी लावली, या प्रश्नावर “मी पाहिली तेव्हा होती” एवढंच म्हणाले. त्यांनी कॉलम फोडला. आतली सळई गंजून बोटानं चुरत होती. सळई आणि बाहेरची हवा यांच्यामध्ये काँक्रीटचा थर सोडावा लागतो, तो तिथं सोडलेलाच नव्हता. मूळ बांधकामातलीच चूक. बाहेरून आलेला इंजिनिअर म्हणाला, “मॅडम, पोरांचं नशीब.”

इमारत उन्हाळ्यात पाडली. माझ्या बॅचच्या ग्रुपवर एकानं लिहिलं, ‘शेवटी आपल्याच माणसानं घाव घातला.’ त्या दिवशी खूप रडले.

चावी एकच होती. एक वाजताचा फोटो आजही फोनमध्ये आहे, कोरा कॉलम स्पष्ट दिसतो. दोननंतरचाही आहे. मधल्या तासात तिथं कोण आलं, याचं स्पष्टीकरण माझ्याकडं नाही. कुणाकडं असेल तर जरूर कळवा, मला मनापासून हवं आहे.

एक सांगायचं राहिलं. कॉलम फोडला त्या संध्याकाळी मी बांधकामाची डायरी उघडली. पूर्वेचा कोपरा, कॉलम भरल्याची नोंद, खाली सही—बिरादार. तेव्हा आठवलं, भूकंपानंतर काचा लावताना मी विचारलं होतं, “सर, कपाट सरकवून मागंही बघायचं का?” त्यावर सर वाटी पुसत म्हणाले होते, “राहू दे ते. तिथं काय न्हाई.” त्यांना माहीत होतं का? की नुसती भीती होती? सरांबद्दल असं मनात आणायचीही मला लाज वाटते... आणि तरी वाटतं, जिवंतपणी जे जमलं नाही तेच ते करून गेले असतील.

समितीच्या अहवालासाठी मला भरून द्यायच्या फॉर्ममध्ये एक रकाना होता—मूळ कामाचे सुपरवायझर. डायरी माझ्या मांडीवर उघडी होती. मी लिहिलं, ‘माहिती उपलब्ध नाही.’ पूर्ण नोकरीत मी केलेली ती एकच खोटी नोंद आहे.